पेव्हर ब्लॉक नकोच

वर कोणीतरी म्हटलंय की शाळेच्या सगळ्या ग्राउंडला पेव्हर ब्लॉक टाका, चिखलाची कटकट संपली. अहो पण घसरगुंडीवरून पोरगं डोक्यावर आपटलं तर ब्लॉक काय नि काँक्रीट काय, एकच! रबर टाइल्स पण पूर्ण ग्राउंडला कशाला, बजेटचा पार बोजवारा. धावायला, खो-खोला मुरूम टाकून पाणी मारून रोलर फिरवला की झालं, फक्त उतार नीट द्या नाहीतर जूनमध्ये तळं. खर्च करायचा तो झोका-घसरगुंडीखाली, तिथे फूटभर खोल जाडसर धुतलेली वाळू (क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, नको, त्यातली भुकटी पावसात घट्ट बसते). झोक्याखाली पायांनी खड्डा पडतोच, शिपाईकाकांनी आठवड्याला फावडं मारायचं, मांजरांची घाण पण तेव्हाच दिसते. आणि आर्टिफिशियल टर्फ म्हणजे प्लास्टिकचं गवत सुचवणाऱ्यांनी एप्रिलात नागपुरात दुपारी अनवाणी चालून दाखवावं :)