आपल्या लोकांत राहिलं की भाषा बुडते, मान्य. पण पैसाही?

तिरफळ: कालच्या धाग्यात इथले सदस्य 'गावकरी' म्हणाले की बर्लिनच्या क्रॉइझबर्गसारख्या तुर्की वस्तीत राहणारा जर्मन भाषेलाही मुकतो आणि पैशालाही. अर्धं खरं आहे, म्हणूनच उत्तर द्यावं लागतंय. वस्ती माणूस स्वतः निवडतो. ज्याला भाषा येत नाही आणि हाती कसब नाही, तोच आधी तिथे जातो. मग तिथले पगार कमी दिसले तर खापर वस्तीवर का? स्वीडनने १९८५ पासून निर्वासितांना सरकारी निर्णयाने गावोगाव पाठवलं, त्यामुळे ही निवडीची भानगड बरीच मिटली. एडिन, फ्रेडरिक्सन आणि ओस्लुंड यांनी २००३ मध्ये दाखवलं की आपल्या लोकांच्या दाटीत कमी शिकलेल्यांची कमाई वाढते. डेन्मार्कचा निकालही त्याच बाजूचा.

गावकरी: सोयीचं तेवढं वाचलंत. कमावत्या गटातल्याला फायदा जास्त, गरीब गटातल्याला कमी, हेही त्याच स्वीडनच्या अभ्यासात आहे. आणि जर्मनीत ओळखीने नोकरी लवकर लागते, पण माणूस शिकायचं सोडतो आणि काही वर्षांत ती आघाडी विरते. त्याचं काय?

ठसका: शिकायचं 'सोडतो' म्हणे! वेळापत्रक बघा जरा. इंटिग्रेशन कोर्सच्या, म्हणजे बाहेरून आलेल्यांसाठीच्या जर्मन सरकारी वर्गाच्या, भाषेच्या ६०० तासिका, ४५ मिनिटांच्या. दिवसा आठवड्याला २५ घेतल्या तर २४ आठवडे. डोनरच्या (तुर्की कबाबच्या) दुकानात शिफ्ट लागली की संध्याकाळच्या १२ उरतात, म्हणजे ५० आठवडे. त्यात शिफ्ट बदलली की वर्ग बुडाला, आणि पुढचा धडा मागच्यावर उभा.

गावकरी: म्हणजे दोष शिफ्टचा, वस्तीचा नाही? वा! शिफ्ट दिली कोणी?

ठसका: ती नसती तर बेकारी, हेही लिहा. आणि कोर्सच्या शेवटच्या परीक्षेत अडतं कुठे ते बघा. भाषेच्या पायऱ्या ए१, ए२, बी१ अशा चढत जातात. एकूण बी१ साठी बोलण्यात बी१ सक्तीचं, शिवाय ऐकणं-वाचणं किंवा लेखन, यातल्या एकात. बोलण्याच्या तिसऱ्या भागात दोघा उमेदवारांनी मिळून बेत ठरवायचा: दिवस कोणता, कोण काय आणणार. व्याकरण पाठ असलेला तिथे "हो, चांगलं" म्हणून गप्प बसतो.

तिरफळ: आणि त्याच देशात ब्लू कार्डवाल्या (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) आपल्या मराठी आयटीवाल्याला नुसत्या ए१ वर २७ महिन्यांत कायमचा परवाना! बी१ असलं तर २१. ऑफिसात इंग्रजी, घरी मराठी, शनिवारी मंडळ. त्याला कोणी 'वस्ती' म्हणत नाही, कारण पगार मोठा.

गावकरी: हा टोमणा बसला, घ्या. पण त्याची नोकरी गेली आणि पुढच्या कंपनीत बैठका जर्मनमध्ये निघाल्या की तोही डोनरवाल्याच्याच रांगेत. वस्ती पहिला पगार देते, एवढं मान्य. दुसऱ्या पगाराचं तुम्ही अजून काही दाखवलेलं नाही.

ठसका: दुसऱ्या पगारासाठीच सांगतोय, लेखन घोटत बसू नका. ऐकणं-वाचणं बी१ असलं तर लेखन ए२ राहिलं तरी निकाल बी१ च. आठवड्यातून दोन संध्याकाळी तो बेत ठरवायचा भाग करा, आणि सरावाचा जोडीदार दुसऱ्या भाषेचा शोधा, म्हणजे तुर्कीत पळवाट राहत नाही.