स्पेक्ट्रम की गेंटिंग ड्रीम? आणि आजीला नेमकं कशासाठी न्यायचं? (2023 सालची ऑनलाइन चर्चा)

माजिवडेकर
परवा पामबीच यांची पोस्ट वाचली आणि तेव्हापासून डोक्यात घोळते आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: 2023च्या दिवाळीत सिंगापूरहून क्रूझ करायची तर डोळे मिटून ‘स्पेक्ट्रम ऑफ द सीज’ घ्या. ती मोठी, म्हणून जागा जास्त आणि हलतही नाही. ‘गेंटिंग ड्रीम’वर काय, कसिनोवाले जातात. शेवटी सल्ला, की आजी-आजोबांना सोबत न्या, मुलं त्यांच्याकडे राहतात, आपल्याला दोन घटका मोकळ्या मिळतात.

कसिनो दोन्ही बोटींवर आहे, तेव्हा तो मुद्दा तिथेच संपतो. आम्ही गेल्या डिसेंबरात गेंटिंग ड्रीमवर होतो. मी, नवरा, नऊ आणि पाच वर्षांची मुलं आणि सासूबाई. मुलांनी पाण्याच्या सहा घसरगुंड्या पालथ्या घातल्या. स्पेक्ट्रमवर मोठी घसरगुंडी एकही नाही, हे पोस्टमध्ये का नाही लिहिलं? आमच्या दोन्ही मुलांना तेच हवं होतं. सासूबाई पूर्ण शाकाहारी, त्यात नेमकी संकष्टी आली. भारतीय जेवणाच्या काउंटरवरच्या माणसाला नवऱ्याने सकाळीच सांगून ठेवलं, तर त्याने बटाटे उकडून जिऱ्याची फोडणी देऊन आणले. सासूबाई आजही सांगतात.

स्पेक्ट्रम वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ‘डोळे मिटून’ हा शब्द मला खटकला. लोक आपल्या भरवशावर चार-पाच लाख घालतात.

पामबीच
ताई, एका बटाट्यावरून बोट ठरवायची का? स्पेक्ट्रमवर नॉर्थ स्टार आहे. काचेच्या कुपीत बसवून समुद्रापासून सुमारे 300 फूट वर नेतात. लाटांवर सर्फिंग, हवेच्या झोतावर तरंगणं, आत बंदिस्त हॉलमध्ये बंपर कार. नोव्हेंबरात सिंगापूरला दुपारी पाऊस कोसळतो तेव्हा तुमच्या सहा घसरगुंड्या बंद असतात, आमच्या बंपर कार चालू. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, तो आजही त्या ट्रिपबद्दल बोलतो. आणि मोठ्या बोटीत जागा जास्त, यात चुकीचं काय? हे साधं गणित आहे.

इंजिनरूम काका, नेरुळ
साधं आहे, म्हणून करून बघू. तेहतीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली आणि प्रत्येक लग्नात मला कोणीतरी विचारतं, ‘एवढं लाख टन वजनाचं जहाज तरंगतं कसं?’ ग्रॉस टनेज हे वजन नव्हे. जहाजाच्या बंदिस्त पोटाचं ते माप आहे, जागेचं. आता स्पेक्ट्रम 1,69,379, आणि एका केबिनमध्ये दोन माणसं धरली तर प्रवासी 4,246. माणशी 40. गेंटिंग ड्रीम 1,50,695, प्रवासी 3,352. माणशी 45. म्हणजे पामबीचसाहेब, लहान बोटीतच माणशी जागा जास्त आहे. मोठ्या घरात माणसंही जास्त असली तर कोपर कोपराला लागणारच.

सुट्टीत तर तिसरा-चौथा बर्थ मुलांनी भरतो, मग दोन्हीकडचे आकडे खाली येतात. सिंगापूरच्या शाळांना नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सुट्टी लागते. यंदा दिवाळी 12 नोव्हेंबरला, रविवारी आहे, त्यामुळे तिथे सोमवारीही सुट्टी. शनिवार ते सोमवार हे तीन दिवस सोडून आठवड्याच्या मधल्या वारी निघणारी फेरी घ्या.

हलण्याचं म्हणाल तर दोन्ही बोटी जर्मनीतल्या पापेनबुर्गच्या एकाच गोदीत, मायर वेर्फ्टमध्ये बांधलेल्या. ड्रीम 2016ची, स्पेक्ट्रम 2019ची. दोघींना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर आहेत. ते बोटीचं डाव्या-उजव्या बाजूला झुलणं कमी करतात, पुढून मागून होणारी उचल-आपट मात्र थांबवत नाहीत. मलाक्काच्या सामुद्रधुनीत एका बाजूला सुमात्रा, दुसऱ्या बाजूला मलाया, त्यामुळे पाणी शांत असतं. फुकेतकडे अंदमानच्या समुद्रात शिरलात की थोडं जाणवेल. ज्याला बोट लागते त्याने खालच्या मजल्यावरची, मधल्या भागातली केबिन घ्यावी. सगळ्यात वरची, नाकाडावरची केबिन महाग असते आणि हलतेही तीच जास्त.

खारीगावकर
बोट कुठलीही घ्या, आधी व्हिसा बघा. बोट मलेशियाला जाऊन परत सिंगापूरला येते तेव्हा तुम्ही सिंगापुरात दुसऱ्यांदा शिरत असता. आमच्या एजंटने अर्जात एकच एन्ट्री टाकली. निघायच्या आठ दिवस आधी बायकोने व्हिसाचा कागद वाचला म्हणून कळलं. तोवर काही करणं हातात नव्हतं. क्रूझचे पैसे गेले, आम्ही सिंगापूरला चार दिवस राहून परत आलो. एजंट म्हणतो, तुम्ही सांगायला हवं होतं. अरे, तिकीट तूच काढलंस ना? नौपाड्यात त्याचं ऑफिस दिसलं की अजून डोकं फिरतं. व्हिसावर ‘मल्टिपल’ हा शब्द स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

वाशीची आजी
बोटीचं तुम्ही ठरवा. मला पामबीच यांच्या शेवटच्या ओळीबद्दल बोलायचं आहे. ‘मुलं आजी-आजोबांकडे राहतात, आपल्याला दोन घटका मोकळ्या.’

मी 68 वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी लेक-जावयाबरोबर अशाच एका बोटीवर गेले होते. नातू दोन वर्षांचा. तीन वर्षांखालचं, डायपरमधलं मूल तिथल्या मुलांच्या क्लबमध्ये घेत नाहीत, पोहण्याच्या तलावातही उतरू देत नाहीत. हे आम्हाला बोटीवर चढल्यावर कळलं. मग ठरूनच गेलं, की नातू माझ्याकडे. आमची खोली आतल्या बाजूची, खिडकी नाही. संध्याकाळी सातला दोघं तयार होऊन शोला जायची. मी अंधाऱ्या खोलीत बाळाला थोपटत बसायचे. तीन रात्रींपैकी तीन रात्री. माझं तिकीट मी माझ्या एफडीच्या व्याजातून भरलं होतं.

लहानपणी मी भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटीने वेंगुर्ल्याला जायची. डेकचं तिकीट. आईने वळकटी पसरली की आम्ही भावंडं कठड्याशी. बंदराला धक्का नसे, पडाव म्हणजे छोटी होडी यायची, खलाशी आम्हाला बखोटीला धरून पडावात उतरवायचे. ओकून ओकून जीव जायचा, पण समुद्र दिसायचा. एवढ्या वर्षांनी पुन्हा बोटीवर पाय ठेवला तो समुद्र बघायला. तो मला जेवायला जाता-येता दिसला.

पामबीच
आजी, तुमच्याबद्दल आदर आहे, पण तुमच्या लेकीने केलं ते माझ्या माथी का? आम्ही दोघं सकाळी पावणेआठला घर सोडतो आणि रात्री साडेआठला येतो. वर्षातून पाच दिवस नवरा-बायकोने एकत्र जेवायचं म्हटलं तर तो गुन्हा? माझ्या आईला नातवंडांत राहायला आवडतं. ती कधी नाही म्हणाली नाही.

माजिवडेकर
‘नाही म्हणाली नाही’ यावर किती घरं चाललीत! तुम्ही कधी विचारलंत का, हे सांगा.

पामबीच
तुम्ही माझ्या घरात राहता का? बोटीवर बोलायला आलात, आता माझ्या आईवर आलात. तुमच्या सासूबाई त्या सहा घसरगुंड्यांच्या वेळी कुठे होत्या, तेही सांगून टाका.

माजिवडेकर
टॉवेल धरून बसल्या होत्या. दोन तास. हो, बसल्या होत्या, आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. पण रात्री आम्ही पाळी लावली होती. एक रात्र नवरा खोलीत, एक रात्र मी, आणि सासूबाई डेकवर. मला हे आधीच लिहायला हवं होतं, लिहिलं नाही.

कोलशेत रोड
दुसरी बाजूही ऐका. माझे वडील गेल्यावर आई घराबाहेर पडेना. आम्ही तिला बोटीवर ‘आराम कर’ म्हणून वेगळी बाल्कनीची केबिन दिली, मुलांना तिच्याकडे फिरकू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती रडली. म्हणाली, मला एकटं का टाकलंत? मग धाकटी तिच्या खोलीत झोपायला गेली आणि दोघी पहाटे बाल्कनीत बसून मच्छीमारांचे दिवे मोजत होत्या. सगळ्याच आज्यांना सुटका नको असते.

वाशीची आजी
तुमच्या आईला नात दिली, बाल्कनीही दिली. मला बाल्कनी नव्हती. फरक तिथे आहे. मला नातू जड झाला नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं, की तुला या कामासाठी नेतो आहोत. सांगितलं असतं तर मी हो म्हटलं असतं, आणि खिडकीची खोली मागितली असती.

खारीगावकर
आजोबांचं कोणीच बोलत नाही. आमचे बाबा बोटीवर दिवसभर सामानाची आणि पासपोर्टच्या पिशवीची राखण करत बसतात. कितीही सांगा, उठत नाहीत.

इंजिनरूम काका, नेरुळ
बाबांना सांगा, केबिनमध्ये तिजोरी असते.

आणि एक महत्त्वाचं. दोन केबिन घेणार असाल तर ‘कनेक्टिंग’ मागा, मधे दार असलेल्या. शेजारच्या मिळाल्या म्हणजे दार मिळालं असं नव्हे. दोन्ही बोटींवर अशा केबिन मोजक्याच, त्या आधी जातात. दार असलं की बाळ झोपल्यावर कोणीही एकजण दोन्ही खोल्या सांभाळू शकतो, बाकीचे सुटतात. आजींचा निम्मा त्रास त्या दाराने वाचला असता. उरलेला निम्मा लेकीने वाचवायचा होता.

पामबीच
काल रात्री जेवताना आईला विचारलं. आधी म्हणाली, छान झाली ट्रिप. पुन्हा विचारलं. मग म्हणाली, ‘मला त्या काचेच्या पाळण्यात बसायचं होतं. तुम्ही गेलात तेव्हा धाकटा झोपला होता.’ नॉर्थ स्टारबद्दल मी इथे एवढं लिहिलं, आणि ती त्यात बसलेलीच नाही हे माझ्या लक्षात नव्हतं.

पोस्टमधली शेवटची ओळ काढली आहे. जागेचं वाक्यही काढलं, काकांचं गणित बरोबर आहे. स्पेक्ट्रमचं मत मात्र बदलणार नाही. दहा-बारा वर्षांच्या पोरांना तीच योग्य. आणि यंदा तीच घेतो आहे, त्या पाळण्यासाठी. माजिवडेकर ताईंनी यावर काही लिहू नये अशी विनंती.

माजिवडेकर
एवढंच लिहिते, की दहाच्या पुढच्या मुलांसाठी स्पेक्ट्रम, हे मला मान्य. पाच वर्षांच्या मुलासाठी नाही.

वाशीची आजी
काका, मैत्रिणीबरोबर जायचं मनात आहे, आम्ही दोघीच. तिचे गुडघे दुखतात. फुकेतला उतरताना त्रास होईल का?

इंजिनरूम काका, नेरुळ
फुकेतला बोट पातोंगच्या खाडीत नांगर टाकते आणि छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. तुमचा पडावच समजा, फक्त खालच्या दारातून चढायचं, धरायला माणसं असतात. तरी होडी वर-खाली होते. गुडघ्यांना ते सोसायचं नाही. लाटा असल्या तर उतरणं रद्दही करतात.

वाशीची आजी
मग पेनांगची फेरी बघते. तिथे धक्क्याला लागते ना?

इंजिनरूम काका, नेरुळ
लागते. स्वेटनहॅम पिअरला. शिडी उतरलात की जॉर्जटाउन शहरच. खिडकीची नको, बाल्कनीची घ्या.