‘ऊर्ध्वपातन’ की ‘संप्लवन’? (ट्रायटनचा बर्फ)

खगोलवेडी: नेपच्यूनच्या ट्रायटन या चंद्रावरचा लेख मराठीत आणतेय आणि एका क्रियापदावर अडलेय. तिथे उणे २३५ अंशांत नायट्रोजनही गोठलेला असतो. नेपच्यूनचं वर्ष आपल्या १६५ वर्षांचं, म्हणजे एकेक ऋतू चाळीसेक वर्षांचा. उन्हाळ्यात हा बर्फ न वितळता थेट हवेत जातो आणि थंड गोलार्धात पुन्हा गोठतो. मी ‘ऊर्ध्वपातन’ लिहिलं, संपादकबाईंनी खोडलं. हिंदी पुस्तकात तर तोच शब्द आहे!

शब्दसखा: बाईंचं बरोबर आहे. हिंदीतलं ऊर्ध्वपातन ते आपलं संप्लवन. मराठीत ऊर्ध्वपातन म्हणजे उकळून वाफ पुन्हा थंड करणं.

जुनी पाटी: संप्लवन मला शाळेपासून पटलेलं नाही. संस्कृतात संप्लव म्हणजे पूर, जलप्रलय. जिथे थेंबभर द्रव होत नाही तिथे पूर कसला? आजी म्हणायची, ‘कापूर उडतो’. देवघरातल्या पितळी डबीत ती कापरासोबत चार मिरी टाकायची. झाकण सैल राहिलं की काही दिवसांनी तळाशी नुसती मिरी. ‘नायट्रोजन उडतो’ लिहा.

शब्दसखा: पण ट्रायटनवर खरोखरच उडणारं काही आहे. १९८९ च्या ऑगस्टमध्ये व्हॉयेजर-२ यानाला तिथे आठेक किलोमीटर उंच काळे फवारे दिसले. दोन्हींना ‘उडतो’ म्हटलं तर वाचकाने काय समजायचं?

खगोलवेडी: हे पटलं. पण मग परत गोठण्याला काय म्हणू? ‘निक्षेपण’ वाचलं की नदीचा गाळ डोळ्यांपुढे येतो. आणि लेख सगळा या ये-जा करण्यावरच आहे. १९९७ मध्ये एका ताऱ्याच्या पिधानातून, म्हणजे ट्रायटन त्या ताऱ्याला झाकत असताना, हबल अवकाश दुर्बिणीने तिथल्या हवेचा दाब मोजला, तो १९८९ पेक्षा वाढलेला होता. २०१७ च्या पिधानात तो पुन्हा १९८९ च्या जवळपास आलेला.

निफाडकर: ‘हिव धरतं’ लिहा. हिम, हिव, हिवाळा, सरळ वंशावळ आहे. कडाक्याच्या थंडीत आम्ही द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतो. अशा एका पहाटे तारेवरचा पांढरा थर मी नखाने खरवडलाय. त्याला हिवच म्हणायचं.

जुनी पाटी: हिव म्हणजे थंडी. हिव भरून येतं, त्यावरून हिवताप. त्या थराला आमच्याकडे दहिवर म्हणतात.

निफाडकर: दहिवर म्हणजे दव! उन्हं आली की पानांवरून ओघळतं ते. तुमचं गाव कुठलं?