२१ बाय १५ फुटांचे पूर्वेकडचे अंगण : झाडे आणि वाफे कुठे आखावेत?

मनीषनगर_परसबाग

नमस्कार मंडळी,

नागपूरला मनीषनगर भागात आमचे घर नुकतेच बांधून पूर्ण झाले आहे. भूखंड ३० बाय ५० फुटांचा असून रस्ता पूर्वेला आहे. घरापुढे १५ फूट, मागे पश्चिमेला ८ फूट, उत्तरेला ५ फूट आणि दक्षिणेला ३ फूट जागा मोकळी आहे. घर दुमजली असून गच्चीच्या कठड्यासह उंची साधारण २२ फूट भरते. पुढच्या अंगणातील उत्तरेकडची ९ फुटी पट्टी गाडीसाठी फरशी घालून ठेवली आहे, त्यामुळे बागेसाठी प्रत्यक्षात २१ बाय १५ फूट उरतात. कंपाउंडची भिंत ५ फुटांची आहे. दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांचे घर आमच्याच रेषेत मागे असल्यामुळे पुढच्या अंगणावर त्याची सावली पडत नाही. माती काळी आहे आणि बांधकामाच्या वेळी तिच्यावर मुरूम टाकलेला आहे.

वडिलांना संत्र्याचे झाड हवे आहे. आईला भाज्यांचे वाफे, तुळशीवृंदावन आणि पारिजातक हवा आहे. तिचे गुडघे दुखतात, म्हणून चालायला प्रशस्त वाट असावी असे वाटते. मी जो कच्चा नकाशा काढला आहे त्यात झाडे दक्षिणेच्या भिंतीलगत आहेत आणि नळ जोत्यापाशी असल्यामुळे वाफे जोत्याला लागून घेतले आहेत. पावसाळ्यापूर्वी खड्डे घ्यायचे आहेत. या आखणीत काय बदलावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त_ओव्हरसियर

आपण मापे आणि दिशा दोन्ही दिल्यात, त्यामुळे नेमके लिहिता येते. अनेक जण केवळ "छोटीशी जागा आहे" एवढेच सांगून झाडांची यादी मागतात.

झाडे दक्षिणेच्या भिंतीलगत लावण्याचा विचार आधी सोडावा. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो. म्हणजेच त्या दिवसांत कोणत्याही वस्तूची दुपारची सावली जवळपास तिच्या उंचीइतकी असते आणि ती उत्तरेकडे पडते. दक्षिणेला १२ फुटांचे झाड उभे राहिले, तर भाजीपाल्याच्या ऐन हंगामात आपले सगळे वाफे त्याच्या सावलीत जातील. मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, पण त्या काळात वाफ्यांना सावलीचे वावडे नसते. म्हणून उंच ते उत्तरेला आणि बुटके ते दक्षिणेला, असा क्रम ठेवावा.

आपल्या जागेत दक्षिणेच्या भिंतीपासून मोजत यावे. पहिले ५ फूट हिवाळ्यात भिंतीच्याच सावलीत राहणार असल्याने तिथे पुदिना आणि अळू लावता येईल. त्यानंतर साडेतीन फुटांचा वाफा, अडीच फुटांची वाट, पुन्हा साडेतीन फुटांचा वाफा आणि पुन्हा अडीच फुटांची वाट, असे १२ फूट होतात. वाफा याहून रुंद केला तर दोन्ही बाजूंनी बसूनही मधल्या रोपापर्यंत हात पोचत नाही आणि मग माणूस वाफ्यात पाय घालतो. उरलेली ४ फुटांची पट्टी गाडीच्या फरशीला लागून येते. तिथे एक पेरू आणि फाटकाच्या बाजूला पारिजातक लावावा. हिवाळ्यात दोघांची सावली गाडीवर पडेल. पारिजातकाची फुलेही सकाळी गाडीच्या टपावर सापडतील आणि ती वेचायला आईंना वाकावे लागणार नाही. पेरू नव्या फुटीवर फळतो, त्यामुळे दरवर्षी छाटून तो ८ फुटांच्या आत ठेवता येतो.

दुसरी गोष्ट जोत्याची. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जोत्याला लागून रोज पाणी पडू लागले, तर भिंतीलगतची माती फुगत राहते आणि आतली तशीच राहते. घरांना पडणाऱ्या तिरप्या भेगांमागे पुष्कळदा हेच कारण असते. म्हणून जोत्यापासून किमान ३ फूट जागा वाट म्हणून कोरडी ठेवावी आणि नळ पाइपने पुढे आणावा. तो खर्च किरकोळ आहे.

गच्चीचे पाणी कोठे उतरते, तेही पाहून ठेवावे. आपले छत २२ बाय २७ फुटांचे धरले, तर १०० मिलिमीटर पाऊस झालेल्या दिवशी त्यावरून साडेपाच हजार लिटरच्या आसपास पाणी खाली येते. तो पाइप वाफ्यांत सुटत असेल, तर बाकीची सगळी आखणी व्यर्थ आहे.

काटोलचा_बागायतदार

वडिलांचा विरस करणे जिवावर येते, तरी संत्र्याविषयी स्पष्टच लिहितो. बागेत आम्ही संत्र्याची लागवड साधारण ६ बाय ६ मीटरवर करतो. या हिशेबाने आपले पूर्ण अंगण एकाच झाडाचे झाले. छाटून आवरू म्हणाल, तर संत्रा पेरूसारखी कठोर छाटणी सोसत नाही.

जागेपेक्षाही मोठी अडचण पाण्याची आहे. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, आम्ही हिवाळ्याच्या तोंडाशी पाणी तोडून झाडाला ताण देतो आणि ताण बसल्यावरच फुलधारणा चांगली होते. शेजारच्या वाफ्यात त्याच दिवसांत मेथी, पालक आणि सांबार (कोथिंबीर) असल्यामुळे एक दिवसाआड पाणी सुरू राहील, म्हणजे झाड हिरवेगार दिसेल आणि फळे नाममात्र धरतील. शिवाय पावसाळ्यात काळ्या मातीत मुळांशी पाणी थांबले की मूळकूज आणि डिंक्या हे रोग ठरलेलेच. सात-आठ वर्षे सांभाळून मग झाड वाळताना पाहण्यापेक्षा आधीच कागदी लिंबू लावावे. तेही लिंबूवर्गीयच आहे आणि घरात वर्षभर कामी येते. मात्र तेही उंचवट्यावरच लावावे.

अंगण_आणि_कूलर

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, तरी गाडीवर पेरू झुकवण्यास माझी हरकत आहे. पिकलेली फळे, त्यांवर येणारे पोपट आणि रात्री वटवाघळे, या सर्वांचा हिशेब गाडीच्या काचेवर उमटतो. त्या पट्टीत लिंबूच बरे. फक्त त्याच्या काटेरी फांद्या वाटेच्या बाजूने वेळोवेळी काढाव्यात.

उन्हाळ्याबद्दल अजून कोणी लिहिले नाही आणि आपल्या गावात तर बागेची खरी परीक्षा तेव्हाच होते. सुदैवाने आपले अंगण पूर्वेला आहे. मे महिन्यात दुपारी अडीचच्या सुमारास घराची सावली जवळजवळ कंपाउंडच्या भिंतीपर्यंत पोचलेली असेल, त्यामुळे पारा ४५ अंशांवर गेला तरी तिसऱ्या प्रहराचे ऊन वाफ्यांना लागणार नाही. अकरा ते दोनच्या उन्हासाठी ५० टक्के सावलीची हिरवी जाळी पुरेशी आहे. तिचे खांब आत्ताच, वाफ्यांच्या कोपऱ्यांत, ७ फूट उंचीचे रोवून घ्यावेत. जाळी कायमची न बांधता हुकांवर ठेवावी, कारण मे महिन्यातले वादळ ती खांबांसकट ओढून नेते आणि जूननंतर ती काढायचीच असते.

पश्चिमेच्या ८ फुटांत मात्र मे महिन्याची दुपार अक्षरशः भाजून काढते. तिथे घराच्या भिंतीपासून ३ फूट पुढे लोखंडी पाइपांचा मांडव घालून तोंडली चढवावी. वेल अनेक वर्षे टिकतो आणि मागच्या खोलीच्या भिंतीला सावली मिळते. सेप्टिक टाकी आणि चेंबर मागेच असतील, तर त्यांची झाकणे उघडता येतील अशी जागा सोडावी. उत्तरेच्या ५ फुटी पट्टीत घराच्या सावलीमुळे हिवाळाभर ऊन येणार नाही. ती सायकली, कपड्यांची दोरी आणि खताचा ड्रम यांसाठी ठेवावी. दक्षिणेच्या ३ फुटांत काहीच लावू नये.

मनीषनगर_परसबाग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या सूचनांप्रमाणे नवा नकाशा काढला असून वडिलांनी लिंबाला संमती दिली आहे, अर्थात खायची संत्री काटोलहूनच येतील या अटीवर. दोन शंका उरल्या आहेत. काटोलच्या दादांनी सांगितलेला उंचवटा किती असावा? आणि पूर्वेच्या खिडकीला कूलर बसणार आहे, त्याचे टाकीतले पाणी वाफ्यांना दिले तर चालेल का?

काटोलचा_बागायतदार

आधी एक फूट खोल खड्डा करून तो पाण्याने भरा आणि पाणी जिरल्यावर पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचे पाणी दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात दिसले, तर निचरा वाईट आहे असे समजावे. अशा जमिनीत खोल खड्डा करून त्यात भुसभुशीत माती आणि शेणखत भरण्याची चाल घातक ठरते. चहूबाजूंची घट्ट काळी माती पाणी सोडत नाही आणि ऑगस्टमध्ये मुळे त्यातच बुडून राहतात. लिंबासाठी दीड फूट उंच आणि ४ फूट रुंद ओटा करून त्यावर रोप लावावे. कलमाचा जोड मातीच्या वर राहील, याकडे लक्ष द्यावे. भाज्यांना ९ ते १२ इंच उंचीचे गादीवाफे पुरतात. ओट्यासाठी तुमच्याकडचा मुरूम चाळून मातीत मिसळला तर निचऱ्याला मदतच होईल.

अंगण_आणि_कूलर

कूलरमध्ये पाणी उडून जाते आणि त्यातले क्षार टाकीत साचत राहतात, त्यामुळे आठवड्याभराचे तळाचे पाणी वाफ्यांना देऊ नये. विशेषतः बोअरचे पाणी वापरत असाल, तर पानांच्या कडा करपतात. ते फरशी धुण्यासाठी ठेवावे. टाकी रोज रिकामी करून नव्याने भरत असाल, तर ते पाणी मागच्या तोंडलीला चालू शकेल. कूलरच्या बाहेरच्या बाजूस ३ फूट जागा मोकळी ठेवावी, नाहीतर हवा आत खेचली जात नाही. पूर्वेच्या भिंतीवर कूलर जिथे येईल, तिथेच जोत्यालगतची कोरडी वाट असल्याने आपल्याला वेगळी सोय करावी लागणार नाही; फक्त त्याच्या गळतीचे पाणी त्या वाटेवर साचू न देता नळीने फाटकाकडच्या नालीत सोडावे.