मदत हवी: रूटला (सर्व्हरच्या मुख्य अॅडमिन खात्याला) लॉगिन मिळतं, बाकी कुणालाच नाही

प्रश्न: डेबियन १२ (लिनक्स). सर्व्हर महापेच्या डेटा सेंटरमध्ये, आम्ही अंधेरीत. सकाळपासून एकाही युजरला एसएसएच (दुरून लॉगिन) होत नाही. की (पासवर्डऐवजीची किल्ली-फाइल) वापरणाऱ्यांना थेट नकार. पासवर्डवाल्यांचा पासवर्ड चालतो, पण ‘/बिन/बॅश: परमिशन डिनाइड’ येऊन कनेक्शन तुटतं. /होमची परवानगी ७५५ आहे (मालकाला सगळं, बाकीच्यांना वाचणं आणि आत जाणं), दोन-चार युजरचे फोल्डर पाहिले, ते ७०० (फक्त मालकाला), मालकही बरोबर. काल रात्री एक टार फाइल (फाइलींचं गाठोडं) ‘-सी /’ देऊन, म्हणजे थेट / या सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये, उघडली होती. रूटचं एक सेशन अजून चालू आहे. चमॉड -आर ७७७ / (म्हणजे / आणि आतलं सगळं सगळ्यांना खुलं) करून टाकू का?

रात्रपाळी: अजिबात नको! -आर ७७७ ने सुडो कमांडचा सेटयूआयडी बिट (तिला रूटच्या हक्काने चालवणारी खूण) उडेल, आणि होस्ट की (सर्व्हरच्या स्वतःच्या गुप्त की) सगळ्यांना उघड्या दिसल्या की एसएसएचडी (सर्व्हरवरचा एसएसएच प्रोग्राम) पुढच्या वेळी सुरूच होणार नाही. मग महापेची वारी नक्की. आहे ते सेशनही बंद करू नका.

‘एलएस -एलडी /’ चालवा. ‘-डी’ विसरू नका, नाहीतर आतली यादी दिसेल, खुद्द / ची परवानगी नाही. माझ्या मते तिथे ७०० निघेल. फाइलपर्यंत जायला वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीवर (फोल्डरवर) एक्स बिट, म्हणजे आत जाण्याची परवानगी, लागतो. रूटला ही अट नाही, म्हणून त्याचं सुरळीत चाललंय. कीवाले आधीच अडतात, कारण ऑथराइज्ड कीज फाइल (मान्य कींची यादी) एसएसएचडी त्या युजरच्याच हक्काने वाचतो.

उपाय: चमॉड ७५५ /, मग सीएचओन रूट:रूट / (मालक पुन्हा रूट). दोन्ही -आर न लावता. (रेड हॅटवर ५५५ असतं, तेही ठीक.) दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून पाहा.

टर्मिनलवाला: टार फाइलची यादी ‘-टीव्ही’ने काढा, पहिलीच ओळ ‘./’ असेल. एमकेटेम्प -डी ने केलेला तात्पुरता फोल्डर ७०० असतो, त्यातून ‘.’ पॅक केलं की ती परवानगी सोबत येते, आणि रूटने उघडताना टार ती मालकासकट / वर लावतो. पुढच्या वेळी ‘--नो-ओव्हरराइट-डिर’ द्या, म्हणजे आधीच्या फोल्डरची परवानगी बदलणार नाही.

प्रश्नकर्ता: ७००च होतं, मालक १००० नंबरचा युजर. दोन्ही कमांड चालल्या, सगळे आत आले. फक्त एकाची की अजून नाकारली जाते.

रात्रपाळी: ‘जर्नलसीटीएल -यू एसएसएच’मध्ये (एसएसएचच्या नोंदींमध्ये) ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’ दिसतंय का? तसं असेल तर बहुधा त्याचा होम फोल्डर ७७५ किंवा ७७७ असणार. स्ट्रिक्टमोड्सला (एसएसएचडीच्या परवानगी-तपासणीला) ग्रुपचा राइट (लिहिण्याचा हक्क) चालत नाही. चमॉड जीओ-डब्ल्यू (मालक सोडून इतरांचा राइट काढा) त्या फोल्डरवर, आतला .एसएसएच ७००, ऑथराइज्ड कीज ६००.