मगरपट्ट्यात पायी चालता येते, मग मांजरीत का नाही?

हडपसरवासी (धागाकर्ता)
पुण्याच्या कडेला मांजरी, फुरसुंगी, वाघोली या भागांत शेतांच्या बांधावर उंच इमारती उभ्या राहिल्या, पण तेथील रहिवाशाला कोथिंबिरीची जुडी आणायची झाली तरी दुचाकी काढावी लागते. याउलट, सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली जवळपास ४०० एकर जमीन एकत्र करून आणि जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे समभाग घेऊन उभारलेल्या हडपसरच्या मगरपट्टा सिटीत घरे, शाळा, दुकाने, बाग आणि सायबरसिटी या आयटी संकुलातील कचेऱ्या एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. लोक अशा वस्तीकडे ओढले जातात ते केवळ हिरवळीमुळे नव्हे, असे माझे मत आहे. दहा वर्षांचे मूल एकटे शिकवणीला जाऊ शकते आणि गाडी चालवणे सोडलेल्या आजोबांना औषधासाठी मुलाच्या सुट्टीची वाट पाहावी लागत नाही, ही मोकळीक त्यांना हवी असते. म्हणून उपनगरांचे आराखडे करतानाच निवासी आणि व्यापारी वापर एकत्र ठेवावा.

बांधावरचा
आपण दिलेले उदाहरण अपवादाचे आहे. मगरपट्ट्यातील बहुतेक कुटुंबे एकाच आडनावाची, नात्यातली होती, त्यामुळे सलग जमीन एका आराखड्याखाली आली. आमच्याकडे एकाने दोन एकर एका बिल्डरला दिली, शेजाऱ्याने तीन एकर दुसऱ्याला, आणि प्रत्येकाने आपापली सीमाभिंत घातली. विशेष नगर वसाहतींच्या, म्हणजे एकाच आराखड्याने उभारायच्या मोठ्या वसाहतींच्या, राज्याच्या २००५ च्या नियमांत किमान १०० एकरांची अट होती. तेवढी सलग जमीन जमवणे फार थोड्यांना जमते. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे किराणा दुकान आहे. हाक मारली तर दुकानदाराला ऐकू जाते, पण तिथे पोहोचायचे तर पुढच्या फाटकातून बाहेर पडून, पदपथ नसलेल्या रस्त्याने टँकर चुकवत पाऊण किलोमीटर चालावे लागते. दुकान जवळ आहे, वापर मिश्र आहे, तरीही आम्ही गाडीच काढतो. तेव्हा दुखणे वापराच्या विभागणीचे नसून न जुळणाऱ्या रस्त्यांचे आहे.

सेक्टर सतरा
मला दोघांचेही म्हणणे अर्धवट वाटते. घराजवळ काम ही कल्पना नवी मुंबईच्या आखणीतही होती. १९७० मध्ये ते शहर वसवणारे सरकारी महामंडळ, सिडको, स्थापन झाले तेव्हा प्रत्येक उपनगरात घरे, बाजार आणि नोकऱ्या असाव्यात, असा विचार होता. तरीही १९९२ मध्ये लोकल वाशीला पोहोचल्यावर गाड्या मुंबईला जाणाऱ्यांनी भरल्याच, कारण नोकरी बदलते, घर बदलत नाही. नवरा सायबरसिटीत आणि बायको पुण्याच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडीत नोकरीला असेल, तर त्यांनी कोणत्या दारी राहावे? मात्र वाशीच्या सेक्टरांतील इमारतींखालची दुकाने आजही रहिवाशांचे रोजचे चालणे टिकवून आहेत, हे मान्य करायला हवे.

जुना पेठकर
ज्यांना मिश्र वापराचे एवढे कौतुक आहे, त्यांनी जुन्या पुण्यात आमच्या पेठेत एक महिना राहून पाहावे. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड हे आमच्या वाड्यांत पिढ्यान्पिढ्या चालत आले, पण आता खाली उपाहारगृहाचा धूर, रात्री साडेअकरापर्यंत भांड्यांचा आवाज आणि पदपथावर गिऱ्हाइकांच्या दुचाकी असतात. चालायचे कुठून?

हडपसरवासी (धागाकर्ता)
पेठकर, आपली तक्रार खरी आहे, पण ती कोणता धंदा कुठे चालू द्यायचा याची आहे. किराणा, औषधे, पिठाची गिरणी आणि इस्त्रीवाला यांच्यामुळे कोणाची झोप मोडत नाही. नोकरीबाबत ‘सेक्टर सतरा’ यांचे म्हणणे मी मान्य करतो. पण घरातल्या सर्व फेऱ्या काही नोकरीच्या नसतात, आणि गृहिणी, मुले, वृद्ध यांच्या फेऱ्या कोणी मोजतच नाही. बांधावरच्यांचा मुद्दा मात्र मला सर्वांत वजनदार वाटतो. अशा भिंतीत पायी जाण्यापुरते दार काढायला काय अडचण आहे?

बांधावरचा
तसा ठराव आमच्या वार्षिक सभेत आला होता. चोरीची भीती आणि आणखी एका सुरक्षारक्षकाचा पगार या दोन कारणांनी तो फेटाळला गेला. सध्या तो दुकानदार खोक्यावर उभा राहून दुधाच्या पिशव्या भिंतीवरून अलीकडे देतो, आणि ठरावाच्या विरोधात मत देणारेही सकाळी तिथेच रांगेत असतात.