मदत हवी आहे: पांढऱ्या मिरीच्या पुडीचा वास आणि गुठळ्या

अर्धा लिटर व्हाइट सॉसला पाव चमचा पांढऱ्या मिरीची पूड, गॅस बंद करायच्या मिनिटभर आधी, एवढंच प्रमाण आहे. तरी सॉसला गोठ्यासारखा कुबट वास येतो. पिकलेली मिरी पाण्यात भिजवून, साल कुजवून काढतात, त्यामुळे थोडा आंबूस वास असणारच. काळ्या मिरीत तो नसतो. पण इथे तिखटपणा कमी आणि वासच जास्त. पूड जुनी झाली की सुगंधी तेल उडून जातं आणि हा वासच उरतो, असा अंदाज आहे. सुरुवातीलाच लोण्यात परतून पाहिली, तर चव कडवट झाली.

पूड काचेच्या घट्ट बरणीत, पण शेगडीवरच्या फळीवर असते. उकळत्या भांड्यावर बरणी झटकल्याने वाफ शिरून गुठळ्या झाल्या असाव्यात (चमचा वापरायला हवा होता, मान्य).

आता अख्खी मिरी आणून लागेल तशी दळायची आहे. विचारायचं हे: कुजवण्याचा वास आणि बुरशीचा वास वेगळा कसा ओळखायचा? अख्खे दाणे कोरड्या तव्यावर मंद आचेवर मिनिटभर गरम केले तर वास उतरतो का, की रंगच बिघडतो? आणि उरलेली पूड फ्रीजरमध्ये ठेवणाऱ्यांनो, बाहेर काढल्यावर दव धरतं त्याचं काय करता?